‘जिणं आमुचं’ आणि फ्रेंच ‘पारोल’ : स्त्रीच्या स्वचित्रणाचा एक तौलनिक विचार

१

बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. लेखिका मूळच्या पुरंदर तालुक्यातील वीरगावच्या. परंतु त्यांचे बहुतेक आयुष्य सातारा जिल्ह्यातील फलटण येथे गेले व तेथेच २०१२ साली त्यांचे निधन झाले. मूळ पुस्तकानंतर पाचच वर्षांनी, १९९१ मध्ये, गी प्वातवँ यांनी केलेला त्याचा फ्रेंच अनुवाद पॅरिस येथे निघाला. प्वातवँ हे पुण्यात स्थायिक झालेले फ्रेंच अभ्यासक. हेमा राईरकर यांच्या सहकार्याने त्यांनी सिद्ध केलेला जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह मराठी अभ्यासकांस परिचित आहे. तेव्हा अनुवादकाच्या आस्थेविषयी वा अधिकाराविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि अनुवादाच्या शीर्षकाने जो प्रश्न उभा केला आहे, तो मराठी समीक्षेने अद्याप पुरेशा गांभीर्याने विचारात घेतलेला दिसत नाही.

फ्रेंच शीर्षक ‘पारोल द फाम अँतूशाब्ल’ असे आहे. मराठीत त्याचा अर्थ ‘अस्पृश्य स्त्रीची वाणी’ असा होईल. मूळ शीर्षकाशी ताडून पाहता तीन फरक ताबडतोब लक्षात येतात. मुळातील बहुवचन जाऊन तेथे एकवचन आले. ‘जिणं’ जाऊन ‘वाणी’ आली. आणि मूळ शीर्षकात जातीचा उल्लेख कोठेही नसताना फ्रेंच शीर्षकात तो प्रमुख विशेषण होऊन बसला. फलटणची लेखिका ‘आम्ही असे जगलो’ असे म्हणते. पॅरिसच्या वाचकाला मात्र ‘एक अस्पृश्य स्त्री बोलत आहे’ असे सांगितले जाते.

शीर्षक हे पुस्तकाचे केवळ नाव नसते. पुस्तक कसे वाचावे याची ती पहिली सूचना असते. यास्तव हा बदल किरकोळ मानता येत नाही. स्वचित्रण म्हणजे नेमके काय, ते बोलण्याने सिद्ध होते की आणखी कशाने, हा त्यामागील खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फ्रेंच साहित्यातील व रंगभूमीवरील कृष्णवर्णीय स्त्रीच्या स्वचित्रणाचा इतिहास आणि सातारा-सांगली या परिसरातील दलित स्त्रीच्या स्वचित्रणाचा इतिहास हे एकमेकांशेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरते.

२

‘पारोल’ हा शब्द फ्रेंच वाचकाच्या कानी नवा नव्हता. आनी लक्लेर यांचे ‘पारोल द फाम’ म्हणजे ‘स्त्रीची वाणी’ हे पुस्तक १९७४ साली निघाले आणि तेथील स्त्रीवादी विचारात त्याला महत्त्वाचे स्थान मिळाले. १९७८ मध्ये सेनेगलच्या आवा तियाम यांनी ‘ला पारोल ओ नेग्रेस’ हे पुस्तक लिहिले. ‘नेग्रेस’ हा कृष्णवर्णीय स्त्रीसाठी वापरला जाणारा तुच्छतादर्शक शब्द. तो शीर्षकातच उचलून ‘आता बोलण्याची पाळी त्यांची’ असे लेखिकेने बजावले व आफ्रिकेतील अनेक स्त्रियांची निवेदने एकत्र केली. ‘जिणं आमुचं’चे फ्रेंच शीर्षक लक्लेर यांच्या शीर्षकास केवळ एक विशेषण जोडून तयार झाल्यासारखे दिसते. म्हणजे पॅरिसमध्ये या पुस्तकासाठी एक फळी आधीच तयार होती, आणि त्या फळीवर बसेल असे नाव त्यास मिळाले.

ही फळी तयार होण्यास फ्रान्समध्ये दीडशे वर्षे लागली. १८२३ साली क्लेर द द्युरास या सरदार घराण्यातील लेखिकेने ‘उरिका’ ही छोटी कादंबरी लिहिली. सेनेगलहून आणलेली व फ्रेंच उमरावांच्या घरी वाढलेली मुलगी तीत प्रथमपुरुषी एकवचनात आपली कहाणी सांगते. त्या काळी हे धाडसच होते. परंतु ते ‘मी’ लिहिणारा हात गोऱ्या स्त्रीचा होता, आणि कथेच्या चौकटीत ती कहाणी ऐकणारा व आपणापर्यंत पोचविणारा एक वैद्य होता.

त्याआधी काही वर्षे, १८१४ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील सारा बार्टमन हिला पॅरिसमध्ये पैसे घेऊन दाखविले जात होते. १८१५ च्या मार्च महिन्यात शास्त्रज्ञांनी व चित्रकारांनी तिची तपासणी केली, तेव्हा त्यांना जे पाहावयाचे होते ते तिने झाकून ठेवले. दाखविण्याचे साफ नाकारले. त्याच वर्षाच्या अखेरीस ती वारली आणि क्यूव्हिए या शास्त्रज्ञाने जिवंतपणी न मिळालेले ज्ञान तिच्या मृत देहाचे विच्छेदन करून मिळविले. तिचे अवशेष मायदेशी परतण्यास २००२ साल उजाडावे लागले. या स्त्रीचे लिहिलेले असे काही उपलब्ध नाही. तरीही तिने केलेला नकार हे तिचे एकमेव स्वचित्रण होते, असे म्हणणे अयोग्य ठरणार नाही.

पुढे १९२५ मध्ये जोसेफिन बेकर हिने पॅरिसच्या रंगमंचावर पाऊल ठेवले आणि १९२६ मध्ये केळ्यांच्या झालरीचा वेष करून केलेल्या नृत्याने ती जगप्रसिद्ध झाली. प्रेक्षकांच्या मनातील ‘रानटी’ स्त्रीचे चित्र तिने अंगावर घेतले व विडंबनाने ते हलवूनही सोडले. पण १९२७ मध्ये तिच्या आठवणी निघाल्या त्या मार्सेल सोव्हाज या पत्रकाराने शब्दांकित केलेल्या होत्या. रंगमंचावर देह तिचा. कागदावर लेखणी दुसऱ्याची. याच काळात मार्तिनिक बेटावरून शिकावयास आलेली पोलेट नार्दाल पॅरिसमध्ये ‘कृष्णवर्णीय जगाचे नियतकालिक’ चालवीत होती. १९३२ साली तिने लिहिलेल्या निबंधात वंशजाणिवेचा उदय एकट्या पडलेल्या विद्यार्थिनींत पुरुषांच्याही आधी झाला, असे प्रतिपादन आहे. तथापि त्या जाणिवेतून निघालेल्या ‘नेग्रित्यूद’ चळवळीच्या इतिहासात सेझेर, सेंघोर व दामास हीच नावे प्रथम घेतली जाऊ लागली.

या इतिहासातील समीक्षेला धडा देणारे उदाहरण मायोत कापेसिया हिचे आहे. तिच्या ‘मी मार्तिनिकची स्त्री’ या १९४८ च्या कादंबरीतील ‘मी’ हा लेखिकेचाच कबुलीजबाब आहे असे गृहीत धरून फ्रान्झ फॅनन यांनी १९५२ मध्ये तिच्यावर कठोर टीका केली. पुढे क्रिस्तियान माक्वार यांच्या १९९९ मधील संशोधनाने दाखविले की, ते पुस्तक अनेक हातांतून घडले होते व त्याच्या घडणीत एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या लिखाणाचाही वापर झाला होता. कृतीला दस्तऐवज समजण्याची घाई फॅनन यांच्यासारख्या विचारवंतासही चुकवू शकते, हा यातील बोध होय.

३

आता स्वदेशाकडे वळावे. येथेही स्त्रीचे प्रथमपुरुषी ‘मी’ प्रथम पुरुषाच्या लेखणीतून आले. शृंगारिक लावणीत बोलते ती स्त्री; रचणारे मात्र राम जोशी, होनाजी, प्रभाकर, सगनभाऊ हे शाहीर. या परंपरेचा अखेरचा मोठा रचनाकार आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातला. रेठरे हरणाक्ष येथे १८६६ साली जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी पुढे पठ्ठे बापूराव या नावाने विख्यात झाले, आणि त्यांच्या लावण्यांना रंगमंचावर देह व गळा दिला तो महार समाजातील पवळा हिवरगावकर हिने. ब्राह्मण रचनाकाराने जात सोडून तमाशाचा फड धरला याचे कौतुक मराठी वाङ्मयात भरपूर झाले. पवळेने मात्र शब्द उच्चारले, ते तिचे नव्हते. आणि तिच्या स्वतःच्या शब्दांत तिची कहाणी आपणापर्यंत आलेली नाही.

शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांच्या जीवनाचा जो विचार केला आहे, त्यावरून या प्रश्नाची दुसरी बाजूही ध्यानात येते. पवळेच्या नृत्यातून मिळालेली देणगी डॉ. आंबेडकरांनी चळवळीसाठी स्वीकारली नाही, असे सांगितले जाते. समाजाला आत्मसन्मान मिळवून द्यावयाचा तर देहाच्या प्रदर्शनाशी बांधलेली जात तोडली पाहिजे, हा त्यामागील विचार समजण्याजोगा आहे. पण त्यामुळे नाचणाऱ्या स्त्रीला गावाच्या चावडीतही जागा राहिली नाही आणि चळवळीच्या सभेतही सहजासहजी मिळाली नाही.

सांगलीजवळचे कवलापूर हे तमाशाचे मोठे केंद्र. शिवा-संभा आणि पुढच्या पिढीतील काळू-बाळू यांनी या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. फलकावर नाव पुरुषांचे असे. नाचणाऱ्या स्त्रिया फडाचा भाग असत. म्हणूनच ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ हे नाव विशेष वाटते. १९३५ ते २००२ या काळातील या कलावतीने पित्याचे नाव, जात व गाव ही तिन्ही फलकावर उघड मांडली. जात जर धंद्याचे कारण मानली जात असेल, तर ती लपवावयाची नाही, असा तो पवित्रा दिसतो. २०१८ मध्ये फ्रान्समधील सोळा कृष्णवर्णीय अभिनेत्रींनी ‘काळी असणे हा माझा व्यवसाय नव्हे’ या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक काढले, तेव्हा त्यांनी नेमकी हीच गाठ उलट्या बाजूने सोडविण्याचा प्रयत्न केला. विठाबाईने जातीचे नाव मिरविले, फ्रेंच अभिनेत्रींनी वर्णाचे लेबल नाकारले. परंतु आपल्यावर लादलेल्या नावाचे काय करावयाचे हे आपणच ठरविणार, ही भूमिका दोहोंत समान आहे.

४

या पार्श्वभूमीवर ‘जिणं आमुचं’ वाचले म्हणजे त्याची रचना किती विचारपूर्वक झाली आहे हे कळते. फलटणला छोटे दुकान चालविताना पुडे बांधण्यासाठी आलेल्या रद्दी कागदांतून लेखिकेने वाचनाची आवड जोपासली. लिहिलेले कागद तिने सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. फलटण येथे शिक्षणकार्य करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते पुढे प्रकाशात आले. लपविणे हा या पुस्तकाच्या जन्माचाच भाग आहे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

पुस्तकात महारवाड्याचे सामुदायिक जीवन मुख्य आहे. आषाढातील विधी, पोतराज, स्त्रियांच्या अंगात येणे, उपासमार, सुनांचे हाल, वाटेवर सवर्ण दिसताच बाजूला होणे, हे सर्व ‘आम्ही’च्या मुखातून येते. त्यातील एक तपशील तौलनिक दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. महार स्त्रीने लुगड्याचे काठ दिसू न देता निऱ्यांत दडवून नेसावे, काठ मिरविण्याचा अधिकार वरच्या जातींच्या स्त्रियांचा, असा दंडक होता. पॅरिसमध्ये कातडीचा रंग कोणास सांगावा लागत नव्हता. महारवाड्यातील स्त्री व पाटलाच्या घरची स्त्री यांच्या वर्णात मात्र तसा दिसून येणारा भेद नव्हता; म्हणून तो वस्त्रावर निर्माण करावा लागला. बार्टमनला जे झाकावयाचे होते ते उघडे करण्याची सक्ती झाली; फलटण भागातील स्त्रीला जे मिरवावेसे वाटे ते झाकण्याची सक्ती झाली. सक्तीची दिशा निराळी, परंतु दोन्हीकडे स्त्रीच्या हातून हिरावला गेला तो दाखविण्या-झाकण्याचा निर्णय.

अंगात येण्याची वर्णनेही याच दृष्टीने पाहावीत. लेखिका आंबेडकरी विचारांची असल्याने अंधश्रद्धा म्हणून ती त्यांवर कोरडे ओढते. तरीही वर्षभर कोणी न विचारलेली सून त्या एका प्रसंगी साऱ्या वस्तीच्या मध्यभागी येते, सासू-सासरे तिच्या पाया पडतात, तिच्या शब्दाला मान मिळतो, हे ती नजरेआड करीत नाही. वस्तीने स्त्रीला दिलेला तो एकमेव रंगमंच होता. आणि तेथेही तिने स्वतः म्हणून बोलावयाचे नव्हते, देवी म्हणून बोलावयाचे होते.

पुस्तकात लेखिकेचे स्वतःचे वैवाहिक जीवन जवळजवळ नाही. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली निघाला; त्याला जोडलेल्या मुलाखतीत, नवऱ्याचा संशय व मारहाण आपणही सोसली, परंतु समाजाचे दुःख सांगावयाचे असल्याने ते पुस्तकात घातले नाही, असा खुलासा लेखिकेने केला आहे. या मौनाचा अर्थ कसा लावावयाचा? काहींना ही आत्मचरित्रातील उणीव वाटेल. काहींना तो समाजनिष्ठेचा आदर्श वाटेल. दोन्ही निर्णय घाईचे आहेत. कारण पुस्तकात पुरुषी जुलूम नाही असे मुळीच नाही. कंत्राटदार पित्याने आईला घरात पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडून ठेवले, हे लेखिका सांगते. सुनांची नाके कापल्याचे प्रसंग ती अंगावर काटा येईल अशा तपशिलाने मांडते. स्वतःच्या देहावर झालेला मार तिने आईच्या कोंडवाड्यात आणि परक्या सुनांच्या रक्तात वाटून टाकला आहे. ‘आमुचं’ या शब्दाचा वाङ्मयीन अर्थ येथे स्पष्ट होतो. तो केवळ समाजाशी एकरूप झाल्याचा उद्गार नसून, एकीचे दुःख अनेकींच्या नावे सांगण्याची ती एक पद्धत आहे.

या पद्धतीची मुळे मराठीतच सापडतात. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीने लिहिलेला निबंध ‘आम्ही’च्याच भाषेत आहे. त्याहूनही जुनी परंपरा जात्यावरच्या ओवीची. दोघी जणी दळावयास बसतात, एकीने धरलेली ओवी दुसरी उचलते. सासुरवासाचे दुःख गाणारीचे स्वतःचे की ऐकलेले, हा भेद तेथे उरत नाही आणि त्यामुळेच ते निर्धास्तपणे गाता येते. आश्चर्य हे की, या ओव्या जमविण्यात ज्यांनी आयुष्य वेचले त्याच अनुवादकाच्या हातून शीर्षकातील बहुवचन गळाले. हा त्यांच्या समजुतीचा दोष म्हणण्यापेक्षा पॅरिसच्या ग्रंथबाजाराचा दाब म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. इंग्रजी शीर्षकात, ‘आम्ही फोडलेले तुरुंग’ या अर्थाने, ते बहुवचन टिकून राहिले.

५

शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ हेही १९८६ मध्येच पुस्तकरूपाने आले. सोलापूर जिल्ह्यातील महूद येथे १९२३ साली जन्मलेल्या या शिक्षिकेने पुढे सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात शिक्षणविस्तार अधिकारी म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर लेखन हाती घेतले. बेबीताईंच्या ‘आमुचं’शेजारी येथील ‘माज्या’ हे एकवचन ठळक दिसते. निवेदनाच्या केंद्रस्थानी शाळेत जाऊ पाहणारी नाजा ही मुलगी आहे. परंतु ‘चित्तरकथा’ हा शब्द एकवचनाला निराळे वळण देतो. चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून कथा सांगतो. कोणते चित्र केव्हा उलटावयाचे हे त्याच्या हाती असते. शांताबाईंचे छोटे, तुटक, भाष्यविरहित प्रसंग याच रीतीने पुढे येतात. प्रेक्षकांपुढे नाचविली जाणारी स्त्री आणि प्रेक्षकांपुढे चित्रे धरणारी स्त्री यांतील अंतर हेच या शीर्षकाचे मर्म मानावे लागेल.

रंगभूमीच्या क्षेत्रात सांगलीनेच या प्रश्नाला अलीकडे एक उत्तर दिले आहे. ‘संग्राम’ या संस्थेच्या कार्यातून १९९६ साली येथे वेश्या अन्याय मुक्ती परिषद संघटित झाली. तिच्या सभासदांनी ‘माय मदर, द घरवाली, हर मालक, हिज वाइफ’ या नाटकात स्वतःच्या जीवनाचे प्रसंग स्वतःच रंगविले. शीर्षकात धंद्याचे वा जातीचे हिणविणारे नाव नाही. आई, घरवाली, मालक, बायको अशी नात्यांची साखळी आहे. प्रेक्षक ज्यांना एका शब्दाने ओळखतो, त्या आपल्याला चार नात्यांनी ओळखावयास लावतात. पवळेच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द होते. येथे शब्द, देह व प्रसंगांची निवड ही तिन्ही प्रथमच एकत्र आलेली दिसतात.

६

या तौलनिक विचारावर एक आक्षेप संभवतो. वर्ण आणि जात या भिन्न संस्था आहेत. एकीच्या मुळाशी गुलामगिरी व साम्राज्य आहे, तर दुसरीच्या मुळाशी धर्मशास्त्र व गावगाडा. तेव्हा त्यांची तुलना करू नये. भेद मान्य केलाच पाहिजे, आणि लुगड्याच्या काठांचे उदाहरण तो भेदच दाखविते. परंतु येथे तुलना संस्थांची नसून एका वाङ्मयीन प्रश्नाची आहे. उरिकाचे ‘मी’ आणि लावणीतील ‘मी’, बेकरच्या शब्दांकित आठवणी आणि पवळेचे मौन, तियाम यांचे बहुवचन आणि बेबीताईंचे बहुवचन ही एकाच प्रश्नाची रूपे आहेत. स्त्री बोलली की स्वचित्रण झाले, हा निकष त्यांच्यापुढे अपुरा पडतो. दुसऱ्याने लिहिलेले शब्द बोलूनही ती मुकी राहू शकते, आणि काही न सांगूनही स्वतःचे चित्र रेखाटू शकते. काय दाखवावयाचे व काय राखून ठेवावयाचे याचा निर्णय तिच्या हाती आहे की नाही, हा निकष अधिक खरा होय.

हा निकष स्वीकारल्यास अध्यापनातही फरक करावा लागेल. शर्मिला रेगे यांनी २००६ मधील ग्रंथात दलित स्त्रियांची आत्मकथने ‘साक्ष’ म्हणून वाचण्याचा आग्रह धरला, आणि समाजशास्त्राच्या दृष्टीने तो मोलाचा ठरला. परंतु मराठीच्या वर्गात या पुस्तकांना केवळ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून माहिती वदवून घेण्याची प्रथा पडली, तर कापेसियाच्या बाबतीत फॅनन यांनी केलेली चूक येथेही होईल. मर्ढेकरांच्या कवितेला किंवा गाडगीळांच्या कथेला विचारले जाणारे प्रश्न या पुस्तकांनाही विचारले गेले पाहिजेत: निवेदक कोण, प्रसंगांचा क्रम असा का, बहुवचन कोठे मोडते, कोणत्या ठिकाणी निवेदन थांबते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ‘जिणं आमुचं’ व त्याचे फ्रेंच आणि इंग्रजी अनुवाद ताडून पाहता आले, आणि त्यांच्याशेजारी जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह ऐकता आला, तर ‘आमुचं’ या एका शब्दात किती रचना सामावली आहे हे त्यांना स्वतःच पारखून घेता येईल.